पेठेतला फुटबॉल आणि अनिकेत

कुणीतरी लिहिलंय की कोल्हापूर म्हणजे नुसती कुस्ती. भावा, एकदा शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच बघायला ये, मग बोल :) आमच्याकडं तालमीच फुटबॉलच्या टीम उतरवतात, त्यामुळं मॅच कमी आणि पेठेची इज्जत जास्त असते.

आता आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलर अनिकेत जाधवचं. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, भारताची टीम फिफाच्या वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदाच, आणि त्यात फॉरवर्डला आपला पोरगा! तिन्ही मॅच हरलो, कोलंबियाविरुद्ध आपल्या जीकसन सिंगनं हेडर मारला तेवढाच एक गोल, तरी गल्लीत सगळे टीव्हीला चिकटून. नंतर एकदा तो गावी आलेला तेव्हा गर्दीत भेटला, म्हणजे मी नुसताच उभा राहिलो, काय बोलायचं तेच सुचेना, शेवटी भाच्याचा बॉल पुढं केला, त्यानं हसून सही दिली. आमच्या वाण्याच्या पोरासारखाच वाटला, कसला भाव नाही.

भाच्यानं दुसऱ्याच दिवशी त्याच बॉलनं चिखलात खेळून सही घालवली. मी लय चिडलो, तर आई म्हणाली, बॉल काय शोकेसात ठेवायला असतोय व्हय?