लीथला एडिनबरात घातलं ते बरंच झालं म्हणे!

बंदरकर:
परवा इथे एकाने लिहिलं, "लीथ म्हणजे एडिनबराचं एक उपनगर. 1920 ला विलीन झालं ते बरंच झालं, नाहीतर आज कुत्रं विचारलं नसतं." दोन ओळींत स्कॉटलंडमधलं अख्खं बंदराचं गाव निकालात! उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

राजा रॉबर्ट ब्रूसने 1329 मध्ये लीथचं बंदर एडिनबराच्या पदरात टाकलं. पुढची पाचशे वर्षं घाम लीथचा आणि वसुली वरच्या गावाची, म्हणजे एडिनबराची. 1833 ला कुठे स्वतःची नगरपालिका आणि स्वतःचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, मिळाला. मग 1920 ला लोकांचं मत घेतलं. विलीनीकरण नको म्हणणारे 26,810, हवं म्हणणारे 4,340. त्याच वर्षी नोव्हेंबरात विलीनीकरण झालंसुद्धा! ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला?

माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी आजही पत्त्यात एडिनबरा लिहीत नाहीत. नुसतं लीथ. पत्रं येतात बरोबर.

हिशोबी_माणूस:
पत्रं पिनकोडवर येतात हो, आजींच्या बाण्यावर नाही.

पाण्याची आणि गॅसची व्यवस्था दोन्ही गावांची आधीपासून सामाईकच होती, हे का गाळलंत? 1833 ला एडिनबराची नगरपालिका दिवाळखोर झाली, त्यात तुमच्या गोद्यांसाठी काढलेल्या कर्जाचा वाटा केवढा होता, तेही लिहा की. आणि दोन गावांच्या हद्दीवरचा, पिलरिगचा तमाशा? लीथची ट्राम विजेवर, एडिनबराची रस्त्याखालच्या केबलने ओढलेली. हद्दीवर सगळ्यांनी उतरायचं, पावसात भिजत दुसरी गाडी पकडायची. एकाच रस्त्यावर! याला स्वाभिमान म्हणायचं की अडाणीपणा?

बंदरकर:
यात अडाणी कोण? लीथमध्ये 1905 पासून विजेची ट्राम धावत होती. एडिनबरा 1920 लाही केबलच ओढत बसलं होतं. सुधारायला हवं होतं वरच्यांनी, आणि गिळलं कुणाला?

पिलरिगची_मावशी:
ट्रामचं नाव काढलंत ना? मग आता ऐकाच.

2007 नंतर लीथ वॉक, एडिनबराहून लीथला येणारा मुख्य रस्ता, ट्रामसाठी खणून ठेवला. ट्राम अवतरली 2014 ला, 77 कोटी 60 लाख पाउंड खर्चून, आणि वर एडिनबरातच, यॉर्क प्लेसला थांबली! लीथच्या वाट्याला फक्त खड्डे. मग दुसऱ्यांदा खणलं, तेव्हा कुठे जून 2023 मध्ये लीथमधून पुढे न्यूहेवनपर्यंत गाडी आली. माझ्या बहिणीचं लीथ वॉकवर शिवणकामाचं छोटं दुकान होतं. दारासमोर कुंपण, गिऱ्हाईक पलीकडच्या फुटपाथवरून हात करून निघून जायचं. शेवटी मशीन घरी आणलं. तुमचं 1920 राहू द्या बाजूला.

उतारावरचा_सायकलवाला:
मावशी, आता त्याच ट्रामने दहा-पंधरा मिनिटांत वर जाता ना? आम्हाला काय मिळालं? लीथ वॉकवर नागमोडी सायकलपट्टी! सरळ रस्त्यावर वळणं! जगभर हसं झालं.

पिलरिगची_मावशी:
जाते ट्रामने. काय करू, बसगाड्या रस्त्यावरच्या गर्दीत अडकून उभ्या असतात. म्हणून आभार मानायचे का?

हिशोबी_माणूस:
बघा, विषय कुठे होता आणि गेला कुठे.

बंदरकर:
कुठेही गेलेला नाही! 1920 च्या त्या कायद्याच्या नावातच 'हद्दवाढ आणि ट्राम' असं दोन्ही आहे. शंभर वर्षं झाली, लीथचा निर्णय वर बसून घ्यायचा आणि खणायचं इथे. जुनं कर्कगेट 1960 च्या दशकात कुणी पाडलं? गावाचा गजबजलेला रस्ता तो. त्या जागी ते रुक्ष शॉपिंग सेंटर.

हिशोबी_माणूस:
पाडापाडी लीथच्या नगरपालिकेनेही केली होती. 1880 च्या दशकात जुन्या वस्त्या पाडून हेंडरसन स्ट्रीट काढला आणि प्रोव्होस्टचंच नाव दिलं. तेव्हा पाडणारे आपले होते म्हणून चाललं?

बंदरकर:
हो, चाललं! त्यांना पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येत होतं. 1960 मध्ये लीथकरांनी कुणाला घरी बसवायचं होतं? आणि उपनगर म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 1915 मध्ये क्विंटिन्सहिलच्या रेल्वे अपघातात दोनशेवर सैनिक गेले, ती लीथची पलटण होती. रोझबँक दफनभूमीत जाऊन या एकदा.

हिशोबी_माणूस:
ती जखम मी नाकारत नाही, आणि मधे आणूही नका. कौल विचारून डावलला, ते वाईट झालं. घ्या, लिहून दिलं. आजींना फ्रेम करून द्या. पण आज वेगळी नगरपालिका असती तर ट्राम पुन्हा पिलरिगलाच थांबली असती, हे माझं मत कायम.

पिलरिगची_मावशी:
थांबली असती तर बहिणीचं दुकान चालू असतं.

उतारावरचा_सायकलवाला:
सायकलपट्टीबद्दल कुणीच काही बोलणार नाही का?