नवा मुलूख बघायचा तर जीपची टूर की रेल्वे?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

आमच्या सोसायटीतल्या पाच कुटुंबांनी डिसेंबरात रत्नागिरीकडे ऑफ-रोड टूर ठरवली आहे. फोर बाय फोर गाड्यांचा ताफा, पुढे गाइडची जीप, तीन दिवस सड्यावरून (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावरून) आणि ओढ्यांतून गाडी घालायची. राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडे. मी नाही म्हटलं आणि रविवारी गच्चीवर त्यावरून चांगलीच जुंपली.

माझं म्हणणं एवढंच, की जिथे पहिल्यांदा जायचं तिथे रेल्वेने जावं. शक्यतो सगळीकडे थांबणाऱ्या गाडीने. आमच्याकडून दिवा-सावंतवाडी आहेच. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यापुढे बहुतेक एकच रूळ. समोरून गाडी येणार असली की क्रॉसिंगला थांबावं लागतं. लोक वैतागतात. मला त्या थांबण्यातच गाव भेटतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची गाडी उक्षीला अशीच अडकली. समोरच्या बाकावरच्या आजींनी पिशवीतून खोबरेलाची लहान बाटली काढली, बोटांना तेल चोळलं आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून फणसाची फोड उघडली. कापा की बरका ते मला ओळखता येईना, तर एक गरा दाबून दाखवला आणि म्हणाल्या, "बोट रुतलं की बरका." बोलता बोलता विषय निघाला. "वर सड्यावर दगडात चित्रं आहेत, बघितली नाहीत?" दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून मी परत उक्षीला आलो ते केवळ त्या आजींमुळे. कातळशिल्प हा शब्दसुद्धा मी तोवर ऐकलेला नव्हता. ताफ्याच्या मधल्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला या आजी कुठे भेटणार?

आपण ठाणेकर. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती आपल्याच गावाला. निदान आपण तरी रेल्वे सोडू नये.

ऐरोली_४बाय४

काका, आजींचा किस्सा मनापासून आवडला. पण रूळ संपतात तिथून पुढे काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

मागच्या वर्षी आम्ही गाइडबरोबर हिमाचलात स्पितीला गेलो. कालका-सिमला केली, तुमच्यासारखीच मान बाहेर काढून. १९०३ ची लाइन, शंभरावर बोगदे, फार सुंदर. पण ती सिमल्याला संपते आणि स्पिती तिथून सुरूसुद्धा होत नाही. आमचा हट्ट मनालीकडून एका दिवसात काझाला चढायचा होता. गाइडने ठाम नकार दिला. सिमल्याकडून किन्नौरमार्गे हळूहळू उंची गाठायची, वाटेत ताबोला मुक्काम, मग काझा, असं त्यानेच ठरवलं. एकदम साडेतीन हजार मीटरच्या वर गेलात तर डोकं धरून झोपून राहाल, काझा बघणार कधी, हे त्याचे शब्द. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा. मातीच्या भिंतींच्या त्या अंधारात तासभर बसलो, तेही त्याने जबरदस्तीने थांबवलं म्हणून.

परतीला कुंझुम खिंड ओलांडून बातल ते ग्राम्फू हा रस्ता. त्या दिवशी त्याने आम्हाला पहाटे चारला उठवलं. सगळ्यांनी कुरकुर केली. कारण नंतर डोळ्यांनी बघितलं. ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी गुडघ्याच्या वर जातो. पहिल्या नाल्याशी तो बूट काढून काठी घेऊन पाण्यात उतरला, तळाचे धोंडे चाचपले, मग आमच्या टायरमधली हवा कमी करायला लावली. लो रेंज (गाडी हळू पण जास्त ताकदीने चालवणारा गिअर), त्यात पहिला गिअर, क्लचवर पाय नाही, आणि नजर त्याच्या हाताकडे. हे रेल्वेत बसून शिकता येत नाही. तो माणूस नसता तर आम्ही तिथे जायलाच नको होतं, हेही कबूल करतो.

खारघरची_आई

कोपरीकर काका, दिव्याला ती गाडी तुम्ही एकटे पकडता. मी सहा वर्षांच्या मुलीला आणि दोन बॅगा घेऊन पकडली आहे, पनवेलहून. दारातच इतकी माणसं की मुलीला आधी एका अनोळखी ताईच्या हातात दिलं आणि मग मी चढले. चिपळूणपर्यंत उभी. क्रॉसिंगला चाळीस मिनिटं उभं राहिल्यावर गाव भेटत नाही हो, पाय भेटतात.

रिझर्वेशन करा म्हणाल. नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा वाटलं होतं आता जमेल. गणपतीत आणि मे महिन्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांतच वेटिंग लागतं. रेल्वेने जावं हे मलाही पटतं. पण "जावं" म्हणण्याआधी बाईमाणसाला, लेकरवाल्यांना बसायला जागा मिळते का, ते बघा.

नेरूळ_राजापूर

माझं गाव राजापूर तालुक्यात, नोकरी इकडे. मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो मला जिव्हारी लागला आहे. स्पितीचा नाला वेगळा आणि आमचा सडा वेगळा.

बाहेरच्याला सडा म्हणजे मोकळं मैदान वाटतं. काळाभोर जांभा, झाड नाही, कुंपण नाही, घाला गाडी. त्याच जांभ्यात कातळशिल्पं कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. पण रेषा किती खोल? जेमतेम काही बोटं. माती आणि गवत साचलं की पायी चालणाऱ्यालाही दिसत नाही, स्टीअरिंगवर बसलेल्याला काय दिसणार? उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण यादीत नाव नसलेले सडे कितीतरी आहेत, आणि त्यांवर काय आहे ते पूर्ण शोधून झालेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक टूर आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर आली होती. गाइड बाहेरचा. गाड्या गेल्यावर आम्ही वर गेलो तर जांभ्यावर टायर घासल्याचे पांढुरके ओरखडे, आणि पावसाळ्यात जिथे बारकी निळी-पिवळी फुलं येतात ती मातीची पातळ साय उखडून गेलेली. पुढच्या दोन श्रावणांत त्या पट्ट्यात फूल आलं नाही. सोसायटीवाल्यांना एवढं विचारा, की गाइड कुठल्या गावचा आहे आणि सड्यावर गाडी घालायला कोणाची परवानगी घेतली आहे.

ऐरोली_४बाय४

हे वाचून गप्प झालो. सड्यावर मीही गाडी घातली आहे, एकदा. तिथे काही असेल हे डोक्यातही आलं नाही. यापुढे रस्ता संपला की गाडी उभी करून चालत जाईन.

पण त्यावरून टूरच वाईट असं म्हणू नका. गाइड स्थानिक असेल तर तोच तुम्हाला अडवेल. स्पितीत आमच्या माणसाने हिरवळीवर एक चाकसुद्धा उतरू दिलं नाही, याकांची चराई आहे म्हणून. दोष जीपचा नाही, कोणाच्या मागे जाता त्याचा आहे.

कळवेकर_७२

माझी आई बहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. कोकण रेल्वेच्या लहान स्टेशनांवर बऱ्याच ठिकाणी फलाट बुटका असतो. डब्याच्या दांड्याला धरून लोंबकळत खाली उतरावं लागतं, तेही गाडी दोन मिनिटं थांबते तेवढ्यात. एकदा तिला तसं उतरवताना मी आणि एक हमाल दोघंही घामाघूम झालो. ती तेव्हापासून रेल्वे नको म्हणते. गेल्या हिवाळ्यात एका स्थानिक जीपवाल्याने तिला माहेरच्या डोंगरावरच्या देवळाच्या पायरीपर्यंत नेलं. चाळीस वर्षांनी. ती तिथे बसून रडली. कोपरीकर, तुमचा नियम तिला कसा लावायचा?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

तुमच्या आईंना माझा नियम लागू होत नाही. पाय धड असलेल्या माणसाने केलेला तो नियम आहे, हे लिहिताना लक्षात आलं नाही. खारघरच्या ताईंचंही खरं आहे. मी मे महिन्यातसुद्धा एकटाच फिरतो.

सोसायटीच्या टूरबद्दल मात्र मत बदललेलं नाही, उलट घट्ट झालं. नेरूळकरांचे दोन्ही प्रश्न आत्ता आमच्या ग्रुपवर टाकले. गाइड पुण्याचा आहे असं उत्तर आलं, परवानगीबद्दल अजून काही नाही. नेरूळकर, तुमच्या गावात सडा माहीत असलेला आणि बरोबर पायी चालणारा कोणी असेल तर मला निरोपात कळवा. पाचपैकी दोन कुटुंबं रेल्वेने यायला तयार झाली आहेत, आणि त्यांच्यात एक आजोबा आहेत, म्हणून उतरायचं रत्नागिरीलाच.