मदत हवी आहे : कानातून पाणी येत असताना उरलेले थेंब घालावेत का?

सासूबाईंच्या उजव्या कानात पावसाळ्याच्या सुरुवातीला बुरशी झाली होती, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांनी क्लोट्रिमाझोल (बुरशीनाशक) व लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) असलेले थेंब दिले होते आणि त्यांनी गुण आला. आता डावा कान ठणकतो आहे, कालपासून त्यातून पातळ पाणीही येते, आणि उरलेली बाटलीच वापरावी असा घरात आग्रह चालला आहे. पडद्याला छिद्र असल्यास जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी प्रतिजैविक औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून श्रवणशक्तीला अपाय करू शकतात, आणि आपल्या बाटलीतले औषध वेगळे असले तरी छिद्र आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून तपासणीपूर्वी काहीही घालायचे नाही असे मी ठरवले आहे. (लसणाचे कोमट तेलही नाही, शेजारच्या काकूंनी राग मानू नये.)

आमच्या तालुक्यात तज्ज्ञ फक्त गुरुवारी येतात. तोपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवावे का, आणि कोणती लक्षणे दिसल्यास न थांबता शहर गाठावे?

दुसरी अडचण थेंब घालण्याची आहे. गार थेंबांनी चक्कर येते, म्हणून बाटली मुठीत धरून कोमट करणे, कान वर व मागे ओढणे हे जमते. परंतु मानेच्या दुखण्यामुळे त्यांना कुशीवर पाच मिनिटे पडून राहवत नाही. खुर्चीत बसवून, मान कलती ठेवून थेंब घालण्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.