प्रतिसाद: गोव्यात आधारगट शोधताना

भावाला बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) आहे, फोंड्याजवळ आधारगट आहे का, असं तुम्ही विचारलंय. वर कुणी 'नेटवर बघा' म्हटलंय. तिथे वेळच जातो. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात सोशल वर्करला गाठा, डॉक्टरांना तेवढी सवड नसते. 'संगाथ' आणि 'कूज' या संस्थांनाही विचारा. रात्रीबेरात्री काही झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहेच, मोफत.

आमचा गट इस्पितळातल्या बाकावरच जमला. लिथियमच्या (बायपोलरवरचं औषध) रक्ततपासणीची चिठ्ठी माझ्या हातात बघून शेजारच्या बाई म्हणाल्या, "आमच्या चेडवाचंही (मुलीचंही) हेच." आता सातजण महिन्यातून एकदा भेटतो, पातळ भाजी-पाव खातो, निम्मा वेळ झोपेच्या तक्रारी. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून (गोवा केवढासा!) पहिले काही महिने मी म्हापशाहून मुद्दाम मडगावला जायचे.