बॅलड म्हणजे पोवाडा? (संपादकांनी चौदा ठिकाणी खोडलंय)

बर्डीवाली :
एक अडचण आहे. स्कॉटलंडच्या जुन्या लोकगीतांवरचा एक लेख मराठीत करतेय. मूळ शब्द ‘बॅलड’, मी तो तसाच ठेवला होता. संपादकांनी चौदाही ठिकाणी खोडून लाल शाईने ‘पोवाडा’ केलंय. आता वाक्य झालंय असं : ‘या पोवाड्यात आई शिकारीहून आलेल्या मुलाला विचारते, कुठे गेला होतास, कुणाकडे जेवलास, तुझे कुत्रे कुठे आहेत? तो म्हणतो, सुजून मेले. तेव्हा आईला कळतं, याला विष घातलंय.’
हे वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे फेटा बांधलेला शाहीर येतो आणि अंथरुणाला टेकलेल्या त्या पोराच्या कानाशी डफ बडवायला लागतो.
गोष्ट सांगणारं गाणं, कर्ता माहीत नाही, चार-चार ओळींची कडवी, दुसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक. याला आपल्याकडे शब्द काय? फाईल शुक्रवारी द्यायची आहे.

शुद्धपक्ष :
संपादक बरोबर आहेत. खुद्द इंग्रजांनीच आपल्या पोवाड्यांना बॅलड म्हटलं. ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शाळिग्रामांबरोबर १८९१ साली पोवाडे छापले आणि १८९४ साली त्यांतल्या काहींचं इंग्रजी भाषांतर काढलं. त्याच्या नावातच बॅलड आहे. जाताना चाललेला शब्द येताना का अडवता?

बर्डीवाली :
काका, साहेब पोळीला ब्रेड म्हणाला म्हणून मी पावाला पोळी म्हणायचं का?

तुणतुणे :
ताईंशी सहमत. पोवाड्याला धनी असतो. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. अफझलखानवधाचा पोवाडा म्हटलं की अज्ञानदास आलाच, आणि त्याला घोडा नि शेरभर सोन्याचा तोडा मिळाल्याची गोष्टही आली. तिकडे चाइल्ड नावाच्या प्राध्यापकाने जमवलेले ३०५ बॅलड १८८२ ते १८९८ अशा सोळा वर्षांत छापून निघाले, त्यांतल्या बहुतेकांचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. शिवाय पोवाडा म्हणजे वीररस. विष खाऊन मरणाऱ्याचा कसला पोवाडा?

शुद्धपक्ष :
पोवाडा म्हणजे वीररस, हे शाळेच्या गॅदरिंगमधलं ज्ञान. पानिपतावर पोवाडे आहेत, तिथे कोण जिंकलं? शाहीर प्रभाकराने सवाई माधवरावांच्या रंगपंचमीचं वर्णन केलं, त्यात तलवार नाही, पिचकाऱ्या आहेत.

गोंदियाकर :
मधेच बोलतो. आमच्याकडे जुने लोक सांगतात, पवाडा हा शब्द पोवारांवरून आला. पोवार म्हणजे परमार, त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी तो पवाडा. हिंदीतही पँवारा म्हणतात.

शुद्धपक्ष :
हिंदीत पँवारा म्हणजे लांबण लावलेली कंटाळवाणी कथा. अभिमानाने सांगायचं असेल तर सांगा. राजस्थानात पाबूजीचे पवाडे गातात. पाबूजी राठोड होता, परमार नव्हे. संस्कृत ‘प्रवाद’ घ्या आणि मोकळे व्हा.

गोंदियाकर :
प्रवाद म्हणजे तर लोकापवाद! रामाने सीतेला टाकलं तो. त्यापेक्षा आमचे पोवार बरे.

आजीचा_चष्मा :
भांडा तुम्ही. मला बर्डीवालीचं ते आई-मुलाचं गाणं वाचून भलतंच आठवलं. नागपूरच्या महाल भागात आमच्या वाड्यात भुलाबाई बसायची, भोंडल्यासारखीच. संध्याकाळी साताठ जणी टिपऱ्या घेऊन, एकीकडून दुसरीकडे, प्रत्येक घरी तीच गाणी. त्यातलं कारल्याच्या वेलाचं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. लावला. आता जाऊ? वेलाला फूल येऊ दे. आलं. आता जाऊ? कारलं लागू दे. मग भाजी कर, मग खा, मग उष्टं काढ. ओळ तीच, एकच शब्द बदलतो, आणि तेवढ्यानेच गोष्ट पुढे सरकते. गाणारी कुठेही म्हणत नाही की सासू दुष्ट आहे, सून बिचारी आहे. ते आपलं आपण ओळखायचं. मी आठ वर्षांची होते तेव्हा ते हसण्याचं गाणं वाटायचं. लग्नानंतर पहिल्या भाद्रपदात इतवारीतल्या सासरी गच्चीवर कपडे वाळत घालताना खालच्या वाड्यातल्या पोरींचं तेच गाणं ऐकू आलं आणि हातातला चिमटा हातातच राहिला.

बर्डीवाली :
मावशी, हेच! लेखात ‘वाढती पुनरुक्ती’ असा शब्द मी केलाय, तो कुणालाच कळणार नव्हता. आता कारल्याचा वेलच देते. त्या स्कॉटिश गाण्यातही प्रश्नाचा साचा तोच, उत्तराचा तोच, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘माझं अंथरूण घाल, मी दमलोय’. फक्त शेवटी-शेवटी त्या दमण्याचा अर्थ बदलतो. म्हणजे बॅलड पोवाड्यापेक्षा भुलाबाईच्या जवळचा?

तुणतुणे :
मग लिहा ‘स्कॉटलंडची भुलाबाई’. संपादक खिरापत वाटतील.

मिहानचा_इंजिनीअर :
बॅलड म्हणजे गिटारवालं संथ प्रेमगीत ना? कॉलेजात आम्ही तर तेच म्हणायचो. आणि उच्चार बॅलड की बॅलेड?

शुद्धपक्ष :
पाहा. घरात शब्द असताना पाहुणा आणला की असं होतं. त्याचं मूळ तर लॅटिनमध्ये ‘नाचणे’ आहे, यांना गिटार ऐकू येतं. निदान ‘कथागीत’ म्हणा. महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले असतील, आज कुणी मेयर म्हणतं का?

तुणतुणे :
काका, ‘शाहीर’ अरबी, ‘डफ’ अरबी. दोघांना घराबाहेर काढलं तर तुमच्या पोवाड्यात मी एकटा तुणतुणं घेऊन उभा. आणि कथागीत म्हटलं की मला ससा-कासवाची कॅसेट आठवते.

झाडीबोल :
मी भंडाऱ्याकडचा, आता मानेवाड्याले राहतो. तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलून राहिले. आमच्या गावी दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरली की रातभर खडी गंमत, आमच्याकडचं लोकनाट्य. कलगीवाले एकीकडं, तुरेवाले एकीकडं, पाहाटेपर्यंत सवाल-जवाब. गंमत संपता संपता आमचे आबाजी शाहिराले म्हणत, ‘आता विहिरीचा पवाडा होऊ द्या.’ पुण्याच्या एका मास्तरांनी मले सांगितलं, का असा पवाडा असूच शकत नाही, तो तुमच्या आबाजीचा अडाणीपणा. त्यात शिवाजी नाही, लढाई नाही. शेजारच्या गावची पोर पाण्याले गेली अन् परत आली नाही, एवढंच. सासू म्हणते माहेरी गेली, माहेरचे म्हणतात सासरी हाये, अन् घागर विहिरीवर. आता सांगा, आबाजी चुकले का मास्तर?

आजीचा_चष्मा :
आबाजी.

शुद्धपक्ष :
बोलीत अर्थ सैल होतो. त्याचा नियम करता येत नाही. आणि ‘पवाडा’ नव्हे, ‘पोवाडा’.

झाडीबोल :
काहून? जोतिबा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर लिहिला तो ‘पवाडा’च छापला. त्याईलेही दुरुस्त करता का?

गोंदियाकर :
पवाडा, पवार. मी काय म्हणत होतो!

बर्डीवाली :
गोंदियाकर, कृपया. झाडीबोल भाऊ, तो विहिरीचा पवाडा असेल तेवढा लिहा ना. मला ‘पवाडा’ हा शब्द तुमच्या आबाजींच्या अर्थाने घेता आला तर संपादकांचाही मान राहील, माझाही.

शुद्धपक्ष :
म्हणजे मी पहिल्यापासून सांगत होतो तेच.

बर्डीवाली :
नाही काका, अगदी उलट. तुम्ही बॅलडला पोवाडा म्हणवत होता. मी आबाजींच्या पवाड्याला विचारतेय, तुझ्यात बॅलड मावतो का.

मिहानचा_इंजिनीअर :
पण पॉवर बॅलडचं काय करणार? शक्तिपोवाडा?

झाडीबोल :
आत्ता आईले फोन केला. तिले दोनच ओळी आठवतात :
घागर काठावर, दोर पाण्यात गं
कोणी पाह्यली का माझी लेक जाताना गं
बाकी शाहीर दर वर्षी थोडं थोडं बदलवत जाय, म्हणते. मी विचारलं, ह्याले पवाडा म्हणायचं ना? तर म्हणते, ‘तुझे आबाजी म्हणत पवाडा. आम्ही बाया त्याले रडगाणं म्हणो.’

तुणतुणे :
‘रडगाणं’ तर म्हणूच नका. संपादक म्हणतील, भाषांतरकार सारखी तक्रार करते.

आजीचा_चष्मा :
दुसऱ्या ओळीत ‘जाताना’ की ‘येताना’? आईला पुन्हा एकदा विचाराल का? माझ्या सासूबाई कामठीच्या, त्या असंच काहीतरी म्हणायच्या, पण त्यात ‘येताना’ होतं.