नोकरी सांभाळून क्लासिकल बुद्धिबळ स्पर्धा: रजा, रेटिंग आणि अभ्यास कसा बसवायचा?

प्यादं_पुढे
पुण्यात आयटीत नोकरी. फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) क्लासिकल, म्हणजे लांब डावांचं, रेटिंग १६१२, के (एका डावात रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) २०. स्पर्धांसाठी वर्षाला जेमतेम ८ रजा निघतात. महिन्यातला एक आठवडा ऑनकॉल. बुधवार ते रविवार ९ फेऱ्या म्हणजे ३ रजा गेल्या, वर १४०० रेटिंगच्या पोरांकडून हरलं की रेटिंगही गेलं. वर्षात किती स्पर्धा खेळाव्यात? 'बिलो १८००' (फक्त १८०० च्या खालच्यांची) की ओपन (सगळ्यांना खुली)? आणि रोज ४५ मिनिटंच मिळत असतील तर अभ्यास कशाचा?

थंड_चहा
आधी आकडे बघा, पोरांवरचा राग थोडा उतरेल. तुमच्यापेक्षा २०० नं खालच्या खेळाडूविरुद्ध तुमच्याकडून ०.७६ गुणाची अपेक्षा असते. के २० धरला तर जिंकून +४.८, बरोबरीत −५.२, हरून −१५.२. पोराचा के ४० (१८ वर्षांखाली आणि २३०० च्या आत असेपर्यंत), म्हणजे तुम्ही हरलात तर त्याच डावात त्याला +३०.४. आणि तो खरंच १४१२ चा आहे असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांना ०.४ × (२००० − रेटिंग) एवढी भर दिली आणि तळ, म्हणजे सर्वांत कमी रेटिंग, १४०० केला. जुना १०२० वाला एका रात्रीत १४१२ झाला. त्यानंतरही रोज क्लासला जाणाऱ्या मुलाचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागेच धावत असतं.

म्हणून 'बिलो १८००' हा नोकरदारासाठी सापळा. वरच्या मानांकनात तुम्ही, समोर सगळी चढती पोरं. ओपनमध्ये पहिल्याच फेरीत ३०० नं वरचा कोणी मिळाला तर हरून फक्त −३, बरोबरीला +७, जिंकलात तर +१७. हां, पहिले दोन डाव हरलात की तीच पोरं खालच्या पटांवर भेटतात, त्यातून सुटका नाही.

८ रजांत पाच दिवसांच्या दोनच क्लासिकल. ६ रजा खेळायला, २ त्या-त्या सोमवारसाठी. सोमवारची रजा वाचवायला जाऊ नका. शेवटच्या फेरीनंतर रात्रीचा प्रवास आणि सकाळी ऑफिसची स्टँडअप मीटिंग हे जमत नाही, आणि मग रविवारचा डाव लवकर संपवायच्या घाईत बरोबरी घेतली जाते. मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे पोरांची गर्दी कमी असते.

रविवारचा_उंट
मी म्हणेन क्लासिकल सोडा. रविवारी एकदिवसीय रॅपिड (छोटे डाव), १५+५ (प्रत्येकाला १५ मिनिटं, वर दर चालीला ५ सेकंदांची वाढ), ८-९ फेऱ्या, रजा शून्य.

थंड_चहा
@रविवारचा_उंट, हात चालता ठेवायला महिन्यातून एक रॅपिड ठीक. पण रॅपिडचं रेटिंग वेगळं, १६१२ ला त्यानं धक्काही लागत नाही. आणि १५+५ मध्ये दहा मिनिटं एकाच स्थितीवर बसायची सवय होत नाही, क्लासिकलमध्ये नेमकी तीच लागते. रेटिंग सांभाळण्यासाठी वर्षभर खेळत राहायला हवं असंही नाही. वर्षभर डाव नसेल तर नावापुढे 'इनॅक्टिव्ह' लागतं, रेटिंग तसंच राहतं.

पटाबाहेरचा_पंच
अभ्यासाचं इतर सांगतीलच. नोकरदार मंडळी नियमांत कुठे अडकतात ते सांगतो.

ऑनकॉलच्या आठवड्यात स्पर्धा नकोच, अदलाबदल करून घ्या. खेळण्याच्या जागेत फोन अंगावर सापडला तर डाव गेला, वाजला नसला तरी. स्पर्धेच्या परिपत्रकात परवानगी असेल तर पूर्ण बंद करून बॅगेत, आणि ती बॅग डाव चालू असताना पंचांना न विचारता उघडायची नाही. सायलेंट म्हणजे बंद नव्हे. स्मार्टवॉचलाही हेच लागू, घरीच ठेवा.

डिफॉल्ट टाइम (किती उशीर झाला की डाव गेला ते) परिपत्रकात आधी बघा. १५ मिनिटं, ३० मिनिटं, कधी शून्यही. बुधवारी सकाळची फेरी मीटिंगमुळे चुकणार असेल तर पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागायच्या आधी मुख्य पंचांना लेखी कळवा. अर्ध्या गुणाचा बाय (न खेळता अर्धा गुण) मिळतो की नाही हे स्पर्धेवर अवलंबून. न कळवता गैरहजर राहिलात तर पुढच्या फेरीच्या पेअरिंगमधूनही नाव निघू शकतं. न खेळलेला डाव रेटिंगला मात्र धरत नाहीत. बक्षिसाची आशा नसेल तर पहिली फेरी सोडून अर्धी रजा वाचवणं हा सरळ व्यवहार आहे.

हत्तीचा_शेवट
४५ मिनिटांची वाटणी: २० मिनिटं टॅक्टिक्स (डावपेचांची कोडी), २५ मिनिटं स्वतःचे डाव. टॅक्टिक्समध्ये संख्या मोजू नका. ४-५ कोडी, सोंगटी न हलवता, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या उत्तरासकट पूर्ण ओळ मनात, मगच पहिली चाल. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर भराभर माऊस चालवला की आकडा वाढतो, पण पटावर दोन चालींपुढे काही दिसत नाही.

डाव लिचेसच्या स्टडीत (डाव साठवायची वही) त्याच रात्री भरा, इंजिन (चाली तपासणारा संगणक) बंद ठेवून. कुठे काय वाटलं होतं ते लिहा, इंजिन दुसऱ्या दिवशी. प्रत्येक पराभवाला एकच शिक्का: ओपनिंग, टॅक्टिक्स, घड्याळ किंवा एंडगेम. दहा डावांनी कुठे गळतंय ते कळतं.

ओपनिंगवर (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) कमीत कमी वेळ. नायडॉर्फसारखी पाठांतराची ओपनिंग नोकरदाराचं काम नाही, आठवणीत ठेवायलाच दर महिन्याला तास जातात. काळ्यानं ई४ ला कारो-कान, पांढऱ्यानं लंडन या ओपनिंग चालतात. एंडगेममध्ये (डावाचा शेवटचा टप्पा) राजासमोर राजा ठेवायचं ऑपोझिशन आणि हत्तीच्या लुसेना, फिलिडोर या स्थिती पक्क्या करा. दुसरी फेरी संध्याकाळी सहाला हत्तीच्या एंडगेममध्ये शिरते तेव्हा डोकं चालत नाही, हातात बसलेलंच कामी येतं.

प्यादं_पुढे
आभार मंडळी. शिक्का मारून बघितला, शेवटच्या १० पराभवांत ६ घड्याळामुळे. ९०+३०, फेऱ्या ९:३० आणि ३ ला. दुसऱ्या डावात २५ व्या चालीला ५ मिनिटं उरलेली असतात. नेमकं काय करू?

हत्तीचा_शेवट
दर पाच चालींनी स्कोअरशीटवर (चाली लिहायचा कागद) चालीशेजारी उरलेली मिनिटं लिहा, याला नियमानं परवानगी आहे. लक्ष्य: १० व्या चालीनंतर घड्याळात ८५, २० व्या नंतर ६०, ३० व्या नंतर ३०. वाढीव सेकंद धरून मधल्या टप्प्यात चालीला तीन-साडेतीन मिनिटं मिळतात. १० व्या चालीलाच ७० दिसले तर दोष ओपनिंगचा, तिथे पाठ कमी पडतोय.

६० चालींचा डाव चार तास खातो, म्हणजे १:३० ला सुटका आणि दीड तासात पुन्हा पट. थाळी नको, ३:४५ ला डोळे मिटतात. दहीभात, केळं, आणि चहा फेरीआधी अर्धा तास.

पटाबाहेरचा_पंच
यात एक भर. ३० सेकंदांची वाढ असेल तर पाच मिनिटांच्या खाली गेल्यावरही चाल लिहिणं सुटत नाही. आणि आधी लिहून मग खेळायची सवय असेल तर मोडा. चाल आधी लिहायची ती फक्त बरोबरीचा दावा करताना: तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार असेल तर चाल लिहा, सोंगटीला हात न लावता पंचांना बोलवा. सोंगटीला हात लावलात की त्या चालीवरचा दावा गेला.