विषय: लाल इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारा ऐकूच येत नाहीत (रविवारच्या आत उत्तर हवं)

वाद्यवृंद समन्वयक:
नमस्कार मंडळी. काल लाल इलेक्ट्रिकला कपाटातला नवा सेट चढवला. बारीक दोन तारा कानात घुसतात, बाकीच्या चार नुसत्या कुजबुजतात. त्याच केबलवर, त्याच अ‍ॅम्पवर दुसरी गिटार ठणठणीत वाजते. पिकअप (तारांचा आवाज पकडून अ‍ॅम्पला देणारा भाग) गेला का? मागच्या वेळेसारखी ऐनवेळची धावपळ नको.

ध्वनिव्यवस्था:
पिकअपला हात लावू नका. जाड तारांचा रंग सांगा. तांबूस-सोनेरी आहेत का?

वाद्यवृंद समन्वयक:
हो, तांबूसच. पाकिटावर १२-५३ लिहिलंय.

ध्वनिव्यवस्था:
मग तो अकूस्टिकचा ब्राँझचा सेट आहे. (आकडे म्हणजे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात.) इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबकाला ओढली जाणारी तार त्याच्यावर हलली तरच सिग्नल मिळतो. ब्राँझवर चुंबक चालत नाही, त्यामुळे त्या चार तारांचं सगळं आतल्या पोलादी गाभ्यावर भागतं. बारीक दोन तारा निव्वळ पोलादाच्या, म्हणून त्याच पुढे येतात. निकेलचा मुलामा दिलेला १०-४६ लावा. त्यात तिसरी तारही साधी असते, ती ओढून मींड काढायला सोपी जाते. शिवाय १२ चा ताण जास्त, मान पुढे आली असेल. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबा, सातव्यापाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असली तर ठीक.

जुने सभासद:
माझ्या अकूस्टिकलाही पिकअप आहे. कायम ब्राँझच लावतो, सहाही तारा सारख्या येतात. तेव्हा तारांना दोष देण्याआधी अ‍ॅम्प तपासावा.

ध्वनिव्यवस्था:
काका, तुमचा घोडीखालचा पिएझो. त्याला तारेचा दाब कळतो, धातू कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

जुने सभासद:
बरं, पटलं. पण अकूस्टिकसाठी यापुढे ८०/२० मागवू नका. ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त, म्हणजे ब्राँझ नावालाच, आहे पितळ. पहिले काही दिवस झगझगीत वाजतं, मग घामानं काळवंडून आवाज बसतो. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील असतं. आवाज जरा उबदार आणि तो टिकतोही.

मुलांचा वर्ग:
तारांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. वर्गातल्या नायलॉनच्या गिटारला कोणीतरी पोलादी तारा चढवल्या. घोडीच्या मागच्या कडेखाली आता माझं नख आत जातं, डिंक सुटलाय. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून ४० किलोच्या आत-बाहेर, पोलादी १२ च्या सेटचा ७० च्या वर. ते लाकूड तेवढ्यासाठी केलेलंच नाही. लहान बोटांना पोलादी तार लागते ते वेगळंच. माझ्या वर्गाच्या गिटारी मला विचारल्याशिवाय कोणी हाताळू नयेत, ही कळकळीची विनंती.

वस्तुभांडार:
ताई, किल्ली माझ्याकडे असली तरी कपाट तालमीच्या दिवशी उघडंच असतं. वरच्या खणात अकूस्टिक, खालच्यात इलेक्ट्रिक, नायलॉन वेगळ्या डब्यात. वहीत मात्र गेल्या दोन महिन्यांत एकही सेट काढल्याची नोंद नाही. कोणी नेला ते लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी टळल्या असत्या.

मुलांचा वर्ग:
डब्यावर ठळक चिठ्ठी लावाल का? आणि त्या गिटारच्या तारा मी आजच सैल करून ठेवते.

वाद्यवृंद समन्वयक:
१०-४६ चढवला, सहाही तारा एका आवाजात आल्या! दादा, मनापासून आभार. पुढे आलेली मान ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा फिरवून सरळ करून घेतली. उतरवलेला ब्राँझचा सेट अकूस्टिकला चालेल ना?

ध्वनिव्यवस्था:
नको. खुंटीवर जिथे पीळ बसला तिथेच ती तार तुटते, आणि कापल्यामुळे लांबीही पुरेलच असं नाही.

वस्तुभांडार:
मग वरच्या खणातला एक सेट कमी धरतो. वहीत तुमची सही राहिली आहे, रविवारी करा.